नुसा लेऊनच्या नावेचं भाडं

हातुरेसी,
१४ एप्रिल २००४

ओर्पाताई,

निवडणूक झाली आणि मी अजून धडधाकट आहे, ही पहिली बातमी. दुसरी, काकूचं गुडघ्याला लावायचं तेल संपलंय. दोन बाटल्या पाठव, एक पाठवलीस तर ती शेजारणीला दाखवण्यातच संपवते. तिसरी बातमी तुझ्या कचेरीची आहे, म्हणून जरा नीट वाच.

मतदान समितीचा सचिव या नात्याने मला नुसा लेऊन बेटावर पेट्या पोचवायच्या होत्या. एकसष्ट मतदार, चार पेट्या आणि नावेच्या भाड्यासाठी तुमच्याकडून आलेले छत्तीस लाख रुपिया, म्हणजे माझे तीन पगार. सगळे आगाऊ मिळाल्याशिवाय दोर सोडणार नाही म्हणून मेल्की अडून बसला. दिले. रविवारी चर्चमधून निघालो ते थेट नावेत, आणि अर्ध्या वाटेत त्याचं इंजिन जळालं. चार पेट्या, दोन पोलीस, मेल्की आणि मी असे दुपारभर पाण्यावर डुलत होतो. एक पोलीस लोकशाहीच्या पेटीवरच ओकला.

शेजारच्या लिमाउरू गावचे बापा हातिम मासे धरून परतत होते. त्यांनी काही विचारलं नाही. पेट्या आपल्या नावेत घेतल्या, आम्हाला नुसा लेऊनला नेलं, मतदान होईपर्यंत किनाऱ्यावर थांबले आणि सगळ्या लवाजम्यासकट परत आणून सोडलं. दोन दिवस मोडले, धरलेले मासे नासले. भाड्याचा शब्द काढायची माझी छाती झाली नाही, आणि का झाली नाही हे तुला सांगायला नको.

मेल्कीने पैसे डिझेलात आणि जुन्या उधारीत घातले आणि तो पापुआला खाणीवर पळाला. त्याने आगाऊ रकमेची दिलेली पावती माझ्याकडे आहे. ती जोडू ना?

तुझा,
एलिफास

*

वायपुती,
२४ एप्रिल २००४

एल्या,

तेल पाठवते आहे, तीन बाटल्या. एक शेजारणीला देऊनच टाक म्हणावं.

आता तुझा घोळ. मेल्कीची पावती चालणार नाही. पोलिसांनी अहवालात लिहून दिलंय की पेट्या हातिम यांच्या नावेतून पोचल्या. पैसे 'पेट्या पोचवण्याचं भाडं' या नावाखाली आलेत, तेव्हा पावती पोचवणाऱ्याचीच लागते. आमचे साहेब म्हणाले, "इंजिन जळालं म्हणून भाडं दिलं, असा रकाना माझ्याकडे नाही." ते चेष्टा करत नव्हते.

सोपं काम आहे. बापा हातिमकडून छत्तीस लाखांची पावती घे, सहा हजारांचं महसुली तिकीट लाव, त्यावर सही. वीस मेच्या आत. नाहीतर रक्कम तुझ्या पगारातून कापतील आणि सेवापुस्तकात अफरातफर म्हणून शेरा पडेल. तो शेरा पुसला जात नाही. इथे एका मास्तरला अशाच शेऱ्यापायी घरी बसवलंय, तो आता बंदरावर बर्फ विकतो.

दोन गावांच्या शपथेचं मला ठाऊक आहे, मीही आपल्याच गावची आहे. पण ते काही पैसे घेणार नाहीयेत. नुसती सही आहे. कागद फाइलीत जाईल आणि फाइल कपाटात. कपाट उघडत नाही कुणी, त्याची किल्ली माझ्याकडे असते.

ओर्पा

*

हातुरेसी,
३ मे २००४

ताई,

गेलो होतो. लिमाउरूला दोन तास बसलो, तीन कप कॉफी प्यालो, नातवाच्या गणिताची चौकशी केली. तो पोरगा सात सत्ते छप्पन म्हणतो. पावतीचं मात्र तोंडातून निघालं नाही. निघताना बापांनीच विचारलं, "गुरुजी, काही बोलायचं राहिलं का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्या हातात भाजलेल्या माशांची जुडी दिली. म्हणजे ज्यांचे मासे माझ्यापायी नासले, त्यांचेच मासे घेऊन मी घरी आलो.

तू म्हणतेस नुसती सही. तुझ्या साहेबांसाठी मी एक निवेदन लिहिलंय, सोबत जोडलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"हातुरेसी आणि लिमाउरू या दोन गावांच्या पूर्वजांनी एका वाटीतून रक्त मिसळलेली ताडी पिऊन शपथ घेतली आहे. आम्ही ख्रिस्ती, ते मुसलमान, पण भाऊ. एकाने मदत मागितली तर दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही आणि मदतीचा मोबदला घ्यायचा नाही. ज्याने घेतला त्याने शपथ मोडली, आणि एकाने मोडली तरी ती दोन्ही गावांची मोडते. म्हणून श्री. हातिम यांनी भाडं घेतलेलं नाही आणि घेतल्याची पावती ते देऊ शकत नाहीत."

चौथीच्या पोरालाही कळेल इतकं सोपं लिहिलंय. साहेबांनाही कळावं.

आणि ताई, तुला म्हणून सांगतो. दंगलीच्या वर्षी सगळा समुद्र पेटला होता तेव्हा तुला आणि तुझ्या दोन महिन्यांच्या यानला ताडपत्रीखाली झाकून वायपुतीला कुणी नेलं? वाटेत तीनदा अडवलं बापांना, तिन्ही वेळा त्यांच्याच धर्माच्या लोकांनी. तेव्हा कुठली पावती मागितली होती आपण? पगार कापायचा तर कापू दे. शेऱ्याचं तेवढं बघ.

एली

*

वायपुती,
१८ मे २००४

एल्या,

काम झालं. तुझ्या नावावर आता एक रुपियाही बाकी नाही. शेरा नाही, कपात नाही.

कसं झालं ते विचारू नकोस. कचेरीत अठरा वर्षं घासली आहेत मी, काहीतरी येत असेलच की. निवडणुकीच्या सामानातली शाई पंधरवडाभर अंगठ्याला लागून राहते, तसा हा हिशेब माझ्या डोक्याला लागून राहिला होता. आता सुटला.

यान शाळेत दुसरा आला. रेमोनची गिरणी बंद पडल्यापासून तो घरीच असतो आणि माझ्यापेक्षा बरा स्वयंपाक करतो, हे आईला सांगू नकोस.

ओर्पा

*

हातुरेसी,
३० मे २००४

ताई,

तुझं पत्र जेट्टीवरच उभ्याने वाचलं. आम्ही इथे सरकारला उगाच शिव्या घालत असतो. तुझे साहेब माणूस निघाले. मी त्या निवेदनावर तीन रात्री घालवल्या होत्या, बायको म्हणत होती, कशाला शाई फुकट घालवता. आता तिला ते पुन्हा वाचून दाखवलं.

दुसऱ्याच दिवशी लिमाउरूला गेलो आणि बापा हातिमना सगळं सांगून टाकलं. पावती मागायला आलो होतो तेही सांगितलं. ते खूप हसले. म्हणाले, "म्हणून तीन कप कॉफी प्यालास होय." मग म्हणाले, "सरकारने आपली शपथ मानली म्हणजे मोठीच गोष्ट. मशिदीत सांगतो." आणि सांगितलंही. शुक्रवारी सगळ्या लिमाउरूला कळलं की बापांनी भाडं घेतलं नाही हे सरकारदरबारी नोंदलं गेलंय. तुझं नाव घेतलं मी. "ती पोर," म्हणाले, "ताडपत्रीखाली माझा हात धरून बसली होती, सोडायला तयार नव्हती."

ऑगस्टमध्ये आपल्या चर्चचं छप्पर घालायला त्यांची चाळीस माणसं येणार आहेत, लाकूड त्यांचंच. तेव्हा ये. यानला आण. बापांना त्याला बघायचंय.

तुझा,
एली

*

वायपुती,
८ जून २००४

एली,

हे पत्र हातात पडताच बाकी सगळं टाक आणि लिमाउरूला जा. आधी हे कर, मग पुढचं वाच. तिथल्या गावकचेरीच्या फळ्यावर खर्चाची यादी लागली असेल, ती काढ. फाड, भिजव, काय वाटेल ते कर.

प्रांताहून हुकूम आला. निवडणुकीचा प्रत्येक खर्च, पैसे घेणाऱ्याच्या नावासह आणि पावतीच्या नकलेसह, त्याच्या त्याच्या गावात लावायचा. लोकांना कळावं म्हणून. गेल्या मंगळवारी एका दिवसात सगळी पाकिटं निघाली. मी रजेवर होते, यानला ताप होता. परत आले तर टेबल रिकामं.

साहेबांनी तुझं निवेदन वाचलंच नाही, एली. पहिली ओळ वाचली आणि म्हणाले, "पावती कुठाय?" मी दोन दिवस वाट पाहिली. मग पावती लिहिली. सही करायला हात होईना, म्हणून अंगठा लावला. माझा.

मला वाटलं कपाटात जाईल. तुझा शेरा मला दिसत होता रे. तू बर्फ विकताना दिसत होतास. तुझं मागचं पत्र आलं तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, पण तू इतका खूश होतास की मी ते उशीखाली ठेवलं आणि उत्तरच लिहिलं नाही.

पाकीट आणि हे पत्र बहुतेक एकाच जहाजाने येताहेत. तू आधी पोच.

ओर्पा

*

हातुरेसी,
२१ जून २००४

ताई,

नाही पोचलो. जहाज आधी लिमाउरूला लागतं, मग आपल्याकडे. तुला हे ठाऊक होतं, घाईत विसरली असशील. मी तुझं पत्र वाचत होतो तेव्हा तिथे यादी लागून चार तास झाले होते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांची बैठक बसली. त्यांची साठ-सत्तर माणसं आली, तरणी पोरं पुढे. मशिदीत ज्यांच्या तोंडून ऐकलं की भाडं घेतलं नाही, त्यांच्याच नावापुढे छत्तीस लाख. एक जण ओरडून म्हणाला, "आमचा म्हातारा खोटा की तुमचा मास्तर खोटा, एवढंच सांगा." आपल्या राजांनी मला उभं केलं. गावचा प्रमुख म्हणून राजांनी बैठकीत विचारलं म्हणजे खरंच बोलावं लागतं. "गुरुजी, तुम्ही हातिमना पैसे दिले का?"

मी म्हटलं, नाही. मग ही पावती कुणी केली? मी म्हटलं, मी केली. हाच एक रस्ता मला दिसत होता, ताई.

बापा हातिम समोरच बसले होते. त्यांनी नक्कल मागून घेतली. उजेडाकडे धरली, अंगठ्याच्या ठशावर आपला अंगठा ठेवून पाहिला. त्यांच्या अंगठ्याखाली तो ठसा पार झाकला गेला. मग माझ्या हाताकडे पाहिलं. ठसा बाईचा आहे हे त्यांना कळलं. तुझ्या कचेरीत आपल्या गावची बाई एकच आहे.

मला वाटलं आता नाव घेतील. मी खाली बघत होतो. ते उठले आणि म्हणाले, "गुरुजींना मध्ये घेऊ नका. पैसे मी घेतले. मेल्कीकडून घेतले. मशिदीत खोटं बोललो."

त्यांच्या धाकट्या भावाने त्यांच्या अंगावर थुंकल्यासारखं केलं आणि बाहेर गेला. मी उठलो, तर बापांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी परत बसलो. बसायला नको होतं. तेव्हापासून मी तेच एक मनात घोळवतोय, की बसायला नको होतं.

लिमाउरूने चार दिवसांत घरटी वर्गणी काढून छत्तीस लाख आपल्या राजांच्या टेबलावर आणून ठेवले. लवंग विकली लोकांनी, एकीने कानातलं विकलं. म्हणाले, सरकारला परत द्या आणि आमच्या गावाचं नाव कागदावरून काढा. जे त्यांनी कधी घेतलंच नाही, ते परत करताहेत. छपराला ते येणार नाहीत. बापांना मशिदीत मागे बसवतात. तीस वर्षं त्यांनी तिथे पोरांना कुराण शिकवलं.

या पैशांचं काय करायचं ते कळव. निदान ते घ्या, नाव काढा.

एलिफास

*

वायपुती,
२९ जून २००४

एली,

पैसे घेता येत नाहीत. चार टेबलांवर फिरले. ज्याची पावती आहे असा खर्च परत घ्यायचा रकाना नाही. पावती नसती तर घेतले असते.

मग साहेबांपुढे गेले आणि सांगितलं, ती पावती मी केली, अंगठा माझा. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "फाइल प्रांताकडे गेली. ती उघडली तर तुमची एकच उघडणार नाही. या जिल्ह्यातल्या दोनशे नाववाल्यांच्या उघडतील आणि त्यातल्या कितींवर खरे अंगठे आहेत हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. तुम्हाला बरं वाटत नाहीये, चार दिवस रजा घ्या." मी तुरुंगात जायला निघाले होते आणि मला रजा मिळाली.

वर एक सांगितलं. जुलैच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानाच्या सुमारास तपासनीस येणार आहेत, नुसा लेऊनसारख्या लांबच्या चार ठिकाणी. नाववाल्याला समोर बसवून विचारणार, पैसे मिळाले का, नेहमी भाडं घेता का.

बैठकीत जाऊन माझं नाव सांग, असं लिहायला घेतलं की यान दिसतो आणि रेमोनचे रिकामे हात दिसतात. नको सांगूस, असं लिहायला घेतलं की ते मागच्या रांगेत बसलेले दिसतात. अर्ध्या पानावर दोन्ही लिहून खोडलंय. तू मोठा असतास तर तुलाच विचारलं असतं मी काय करू. मोठी मी आहे.

त्यांनी का केलं असं, एली? मी त्यांची कोण?

ओर्पा

*

हातुरेसी,
८ जुलै २००४

ताई,

का केलं हे मीही त्यांना विचारलं. आता त्याचं उत्तर देतो आणि हिशेबही देतो, दोन्ही एकच आहे.

चार तारखेला पेट्या न्यायच्या होत्या आणि नाव नव्हती. मेल्की नाही, दुसरा कुणी आपल्या समितीचं काम घेईना. लिमाउरूकडे मागायचं तोंड कुणाला होतं? सकाळी सातला बापा हातिम स्वतःच आपली नाव घेऊन जेट्टीला लागले. तपासनीस आणि त्यांचा कारकून आदल्या दिवशीच येऊन राजांकडे उतरले होते, तेही तिथे उभे होते.

बापांनी मला नमस्कार केला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नुसा लेऊन, जाऊन-येऊन. किती देणार?"

मी पेट्या मोजू लागलो. तपासनीसांनी मला आठवण करून दिली, छत्तीस लाख मंजूर आहेत ना? बापा म्हणाले, "आधी पैसे." मी मोजून दिले. त्यांनी परत मोजले, प्रत्येक नोट. तपासनीस म्हणाले, "नेहमी भाडं घेता वाटतं." बापा म्हणाले, "घेतो की. एप्रिलमध्येही घेतलं होतं. फुकट कोण नेतो?" कारकुनाने लिहून घेतलं. जेट्टीवर दोन्ही गावांची माणसं होती, ताई. लहान पोरंही होती.

वाटेत पोलीस झोपले तेव्हा मी त्यांच्याजवळ सरकून बसलो आणि विचारलं. ते सुकाणूवरून नजर न काढता म्हणाले, "तिने मदत मागितली आहे. मागायला ती आली नाही, पण मागितलीच आहे ना. शपथेत कसली मदत करायची आणि कसली नाही, असं कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, बापा, मग ही शपथच मोडली ना. म्हणाले, "हो." मग म्हणाले, "आता मला भाऊ म्हणू नकोस गुरुजी. लोक ऐकतील."

परतल्यावर त्यांनी नाव बांधली आणि निघाले. जुन्या सवयीने मी भाजलेले कंद पुढे केले, ते घेतले नाहीत. भाडं त्यांनी तसंच मशिदीच्या पेटीत टाकलं असं आज कळलं, आणि मशिदीने ते घ्यायला नकार देऊन पेटीबाहेर ठेवलं, असंही कळलं.

तपासनीस खूश होऊन गेले. एप्रिल आणि जुलै, दोन्ही खर्च जुळतात असा शेरा मारलाय. तुझी फाइल आता कुणी उघडणार नाही.

जुलैची पावती सोबत जोडली आहे. मी त्यांच्यापुढे पेन धरलं होतं, त्यांनी ते बाजूला सारून शाईची डबी मागितली. म्हणाले, मागच्या कागदावर अंगठा आहे, याही कागदावर अंगठाच हवा. रक्कम बरोबर आहे, तिकीट लावलेलं आहे, अंगठा त्यांचाच आहे. दाखल करून घे.

एलिफास